रिकाम्या खुर्चीची सही

आमच्या शेजारचे देशकर भाऊजी साखरसुद्धा अर्ज करून मागतात. खोटं नाही सांगत. कंपाउंडच्या भिंतीवरून चिठ्ठी येते: 'वहिनींना सादर. साखर एक वाटी. आदेशार्थ.' त्यावर मी 'मंजूर' लिहून सही केली नाही, तर साखर परत! एकदा म्हटलं, "अहो, तोंड नाही का तुम्हाले?"

"तोंडी आदेश उद्या कोणाले दाखवू, वहिनी?"

सरकारी विद्यापीठात गेली त्यांची अख्खी नोकरी. तिथे मार्कशीटवरचं एक अक्षर सुधारायचं तरी फाइल सात टेबलं फिरते. भाऊजींचा मंत्र एकच, "टप्पा चुकला की फाइल गेली."

तर आमच्याकडे कामाला येते ती सुखबती, तिची पोट्टी नंदिनी. बिलासपूरला नोकरी लागली, पण मार्कशीटवर बापाचं नाव चुकलेलं. शुक्रवारी सुधारलेला कागद दाखवला नाही, तर जागा दुसऱ्याला. अर्ज देऊन दोन महिने झालेले. मी भाऊजींना गाठलं.

त्यांच्या टेबलावरून फाइल कधीच पुढे गेली होती. शोधली, तर पाचव्या टेबलावर. तिथल्या साहेबांची बदली झालेली, नवीन कोणी आलंच नाही. माणूस गेला, टप्पा राहिला! फाइल आपली रिकाम्या खुर्चीपुढे सहीची वाट पाहून राहिली.

बुधवारी भाऊजींनी फाइलवर लिहिलं, 'पद रिक्त, म्हणून थेट सादर,' आणि स्वतः नेऊन कुलसचिवांपुढे ठेवली. साहेब भडकले, "बीच के दस्तख़त कहाँ हैं?"

"साहब, कुर्सी के हाथ नहीं होते."

रिटायर व्हायला चार महिने उरलेल्या माणसानं असं बोलावं! नोटीस मिळाली. पण सहीही मिळाली.

गुरुवारी कागद घेऊन नंदिनी पाया पडायला आली, तर म्हणाले, "जॉइन झाली की फोन कर. मले."

शुक्रवारी रजा टाकून सकाळपासून आमच्या व्हरांड्यात, फोन मांडीवर.

"काहून इथं बसून राहिले, भाऊजी? फोन काय घरी वाजत नाही?"

"वाजते ना. पण मग सांगू कोणाले?"

त्यांची बायको शालू गेल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नाही, हे मला माहीत नव्हतं थोडंच. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ येऊन बसले.

अकराला फोन वाजला. "हव बेटी... हो गया? हव, हव..." म्हणता म्हणता त्यांनी फोन माझ्या कानाला लावला.