बापूसाहेबांची मतदानाची अक्षत

आमच्या माळव्यातल्या धार गावच्या गल्लीत लग्न नसतानाही अक्षत येते. नगरपालिकेची निवडणूक लागली की बापूसाहेब मोहिते काळी टोपी घालतात, पितळी वाटीत कुंकवाच्या अक्षता घेतात आणि दारोदार फिरतात. उंबऱ्यावर चार दाणे ठेवून खणखणीत आवाजात सांगतात, “शाळेत मतदान आहे. सहकुटुंब, सहपरिवार यावं. आहेर आणू नये.”

मी पुण्याहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा भाबडेपणाने विचारलं होतं, “लग्न कुणाचं?”

“वॉर्डाचं,” ते गंभीरपणे म्हणाले. “पाच वर्षांसाठी नवरा बघायचाय. सूनबाई, तुम्ही वधूपक्षाकडून.”

बापूसाहेब वीज खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्या पक्षाचे नाहीत, कुणाचा प्रचार करत नाहीत. त्यांचा राग फक्त गल्लीच्या झोपेवर. लोकसभेला सगळे नटूनथटून जातात. नगरपालिकेला मात्र ‘क्या फरक पड़ता है’ म्हणून कूस बदलतात. मग बापूसाहेब खिडकीखाली उभे राहून ओरडतात, “दिल्लीवाले तुमची नाली काढायला येणार आहेत का भिया?”

गेल्या निवडणुकीला समोरचा राजू सुट्टी साधून सकाळीच बायकोमुलांसह मांडूला निघाला होता. पुऱ्यांचे डबे गाडीत गेले, मुलं बसली. राजू कुलूप लावून येतो तर पुढच्या सीटवर बापूसाहेब, पट्टा लावून.

“अरे काका, उतरा ना. देर हो रही है.”

“मीही येतो की मांडूला. वाटेत फक्त शाळेपाशी थांबू.”

“शाळा उलट्या बाजूला आहे!”

“मग आधी उलटं जाऊ. मांडू काय पळून चाललाय?”

मागे राजूची बायको खो खो हसायला लागली. “चलो ना, वोट डालके निकलते हैं,” ती म्हणाली, आणि गाडी शाळेकडे वळली. मत देऊन आल्यावर राजूने स्वतःच दार उघडलं. “अब बैठो काका, सच्ची चलो.” पण बापूसाहेबांनी हात जोडले. अर्धी गल्ली अजून अंथरुणात होती.

त्यानंतर पाळी गल्लीतल्या गंगूमावशींची. त्यांचे गुडघे गेलेले. त्या ज्याला मत देणार तो माणूस बापूसाहेबांना बघवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तरी बापूसाहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने माझे यजमान, अशी खुर्ची निघाली.

“बापू, तुझ्या माणसाला मी मत देणार नाही हं!” मावशींनी भर रस्त्यात बजावलं.

“मत तुमचं मावशी. खांदे आमचे.”

“खांदा म्हणू नको मेल्या, जिवंत आहे मी अजून!”

खुर्ची खाली ठेवावी लागली, इतकं हसू आलं दोघांना. दुपारपर्यंत रांग शाळेच्या फाटकाबाहेर आली, आणि बापूसाहेब मुलीच्या बापासारखे रांगेत फिरून सगळ्यांना पाणी विचारत होते.

संध्याकाळी मतदान संपलं. यंत्रं गाडीत चढली, माणसं आपापल्या घरी गेली, टीव्ही सुरू झाले. मी दूध आणायला निघाले, तर शाळेच्या पायरीवर बापूसाहेब एकटेच बसलेले.

“घरी नाही जायचं?”

“जाईन.” टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “मालती होती तोवर सारी गल्ली आमच्या घरी असायची. हळदीकुंकू, चैत्रगौर, काही ना काही चालूच. ती गेली. एकट्या पुरुषाकडे कोण येणार, आणि त्याने तरी कुणाकडे काय म्हणून जायचं? आज बघा, एकेक दार वाजवलं. ‘का आलात’ म्हणून कुणी विचारलं नाही.”

आणि हसून म्हणाले, “आता पाच वर्षांनी.”

मी बोलून गेले, “असं कसं? पार्षद म्हणून कुणीही निवडून येवो, त्याच्याकडून कामं कुठली करून घ्यायची ते ठरवायला नको? उद्या सकाळी आमच्याकडे चहाला या. बसून ठरवू.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. उठले, कपडे झटकले. चार पावलं गेले आणि परत वळले.

“सूनबाई, सकाळी म्हणजे... उजाडताच आलो तर चालेल?”