तुकडी बदलण्याचा अर्ज

आप्पांनी एक जूनपासून विसरायला सुरुवात करावी, अशी नोटीस नगरपालिकेकडून आली, तेव्हा मला पहिल्यांदा खटकली ती त्यातली जन्मतारीख. एक जून एकोणीसशे पंचेचाळीस. बाकी सगळं बरोबर होतं. पंढरीनाथ सोनजी बाविस्कर हे नाव, पत्ता, अगदी नळजोडणीचा क्रमांकसुद्धा.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा जन्म सत्तेचाळीसच्या वसुबारसेचा. त्याच दिवशी गोठ्यात गाय व्याली, म्हणून तो घरात सगळ्यांना पाठ. पण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी, त्या काळी सगळेच मास्तर लिहीत तसं, एक जून लिहून टाकलं. वर पोरगं अंगानं थोराड दिसतंय म्हणून साल मागे ओढलं. त्या तारखेनं आप्पांना अडीच वर्षं आधीच निवृत्त केलं. आता त्याच तारखेनं त्यांना चुकीच्या तुकडीत बसवलं होतं.

निमखेडीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्या चिठ्ठ्या दर मे महिन्यात निघतात; ज्याची निघाली त्यानं विसरायचं. प्रत्येक तुकडीची पेटी वेगळी आणि दर वेगळा. विस्मरण विभागाच्या भिंतीवर फळाच लावलाय. आप्पांच्या वडिलांच्या तुकडीला तिघांत एक होता. सेहेचाळीसपर्यंत जन्मलेल्यांना पाचांत एक. सत्तेचाळीसपासून पुढे आठांत एक. माझ्या तुकडीचा रकाना अजून कोरा आहे. मी त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाही.

नोटिशीच्या मागे विसरण्याचा क्रम छापलेला होता. पहिल्या महिन्यात नातवंडांची नावं. मग गल्ल्या, मग सणवार. नगरपालिकेच्या गरजेच्या बाबी सर्वांत शेवटी. आप्पांनी अठ्ठावीस वर्षं गावाचं पाणी सोडलं. गावातले एकशे बारा व्हॉल्व्ह कुठे पुरलेत याचा नकाशा कुणाकडे नाही, आप्पांकडे आहे. म्हणजे व्हॉल्व्ह शेवटी जाणार होते आणि मी आधी. आणि आप्पांना नातवंड एकच.

मी घाबरून तीनदा वाचलं. आप्पांनी एकदाच वाचलं आणि चष्मा पुसला. म्हणाले, चौदा नंबरचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, तेवढं लिहून ठेव.

तीस मेला मी विभागात गेले. टेबलामागे खैरनार मॅडम होत्या. त्यांच्या तीन बाजूंना फायली होत्या आणि चौथ्या बाजूला मी. दर उतरलेत म्हणजे तुमचं काम कमी झालं असेल ना, असं मी उगाच, बरं वाटावं म्हणून विचारलं.

"काम कमी?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, लोक शाळा शिकले, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्यायला लागले, कानाला यंत्रं लावायला लागले. दर उतरला, कबूल. पण म्हातारे किती झालेत? पूर्वी तिघांत एक होता तेव्हा गावात साठ म्हातारे होते. आता आठशे आहेत. मरतच नाहीत कोणी."

मी माफी मागितली.

तुकडी बदलायची तर खऱ्या जन्माचा साक्षीदार लागतो, असं त्या म्हणाल्या. आप्पांची थोरली बहीण आहे, पण तिची चिठ्ठी सहा वर्षांपूर्वीच निघालेली. तिला तो दिवस लख्ख आठवतो, वासरू आठवतं, भाऊ आठवत नाही. मॅडमनी हे लिहून घेतलं. वासराचा जन्मदाखला असेल तर जोडा, म्हणाल्या. पशुवैद्यकाचा सही-शिक्का लागेल.

नव्हता. मग चौकशी होईल आणि दिवाळीपर्यंत निकाल लागेल, असं ठरलं. पण नोटीस परवापासून लागू होती. दिवाळीपर्यंत माझं नाव जाऊन गल्ल्याही गेल्या असत्या. गेलेलं परत मिळतं का, हे मी विचारलं. तशी तरतूद नव्हती.

मी तिथून हलेना तेव्हा मॅडमनी खणातून एक गुलाबी फॉर्म काढला.

"विसरणं हप्त्यानं घ्याल का घरात वाटून? सही झाल्या क्षणापासून निकाल लागेपर्यंत त्यांच्या वाटणीचं तुमच्याकडे येईल. थोडं थोडं. छत्री, किल्ली, असलं. तरुण माणसाचं कोणी लक्षात घेत नाही."

"आणि आप्पांचं?"

"साहेबांची सही उद्या पाचच्या आत झाली, तर काही जाणार नाही. नाही झाली, तर नोटीस आहे तशी."

मी फॉर्म घरी नेला, रात्रभर उशाशी ठेवला आणि एकतीसला सकाळी भरून दिला. साडेतीननंतर फोन करा, म्हणाल्या. तिथून मी कामावर गेले. माती परीक्षण केंद्रात मी नमुन्यांवर चिठ्ठ्या लावते. मी काही विसरत नाही. गॅस बंद आहे का ते मी चार वेळा बघते, कुलूप ओढून पाहते, गल्लीच्या टोकावरून परत येऊन पुन्हा ओढते.

दीड वाजता पिशवी उघडली तर डबा नव्हता.

मी पिशवी उलटी केली. भाकरी केल्याचं आठवत होतं, भरीत भरल्याचं आठवत होतं, त्यानंतर काही नाही. हा पहिला हप्ता असेल तर सही झाली होती. नुसताच घाबरट माणसाचा विसरभोळेपणा असेल तर झाली नव्हती. कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या टेबलावरचे वाणीकाका म्हणाले, एवढं काय, माझ्यातलं खा. मी त्यांच्यातलं खाल्लं.

साडेतीनला फोन लावला. वाजत राहिला. पावणेचारला वाजत राहिला. घरी आप्पांना लावला, तर तेही उचलेनात. सव्वाचारला मला वाटलं, त्यांनी माझं नाव फोनवर पाहिलं आणि हे कोण म्हणून ठेवून दिला. आज एकतीसच आहे, उद्यापासून आहे, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग वाणीकाकांना विचारलं.

पाचला सात मिनिटं असताना विभागाला अकराव्यांदा लावला. वाजला, वाजला, आणि कुणीतरी उचलला.

"विस्मरण विभाग," पलीकडचा आवाज म्हणाला. "साहेब सही करून गेले. मॅडम खाली पाणी भरताहेत. इथं सकाळपासून पाणी नव्हतं, कुणीतरी चौदा नंबर सुलटा फिरवून ठेवलेला, म्हणून मला बोलावलं. हर्षू, तुझा डबा इथं टेबलावर राहिला होता. भरीत मी खाल्लं. भाकरी आहे."