शेवटचा थांबा: आशा

सोनवणे सर निबंधाला गाडी म्हणायचे. एस.टी.त कंट्रोलर म्हणून उभा जन्म काढून ते निवृत्त झाले होते आणि इंदापूरच्या स्टँडमागच्या एका खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना निबंध शिकवत होते. गाडीला थांबे असतात तसे निबंधालाही असतात, असं त्यांचं म्हणणं. ते थांबे त्यांनी भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून घेतले होते: इतिहास, शेती, महिला, विज्ञान, तरुण, आशा. विषय कोणताही येवो, गाडी सहाही ठिकाणी थांबलीच पाहिजे.

मी तेव्हा शनिवार-रविवारी बारामतीहून तिथं गणित शिकवायला जायची. माझा तास त्यांच्यानंतर असायचा आणि ते वेळेवर कधीच सोडत नसत. आयुष्यभर इतरांच्या गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाचं हे असं. एकदा विषय होता 'अंतराळ संशोधन'. शेतीच्या थांब्यावर डाळजच्या एका मुलानं लिहिलं, की चंद्रावर ऊस घेता येणार नाही, कारण तिथं पाण्याची पाळी कुणी ठरवायची यावरून भांडणं होतील. सरांनी त्याला बरोबरची खूण केली. त्याच दिवशी एका मुलीनं 'आशा' गाळून निबंध संपवला. तिच्यासमोर उभं राहून सर स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. गाडी रस्त्यातच बंद पडलेली हाय."

दर वेळी आशेवरच कशाला संपवायचं, असं मी विचारलं.

"मॅडम, परीक्षक दिवसभर पेपर तपासून दमलेला असतो. त्यालाबी घरी जायचं असतं. त्याला मधेच कशाला उतरवायचा?"

चार वर्षांत या गाडीतला एकही प्रवासी मुक्कामी पोचला नाही. दोघंजण नोकरीला लागले, पण ज्या परीक्षेतून लागले तिला निबंधाचा पेपरच नव्हता. हे मी सरांना स्पष्ट सांगितलं होतं. परीक्षकाला एकाच खोलीतून आलेले तीस सारखे निबंध कळत नसतील का, असंही विचारलं होतं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "गाडी लेट हाय. रद्द न्हाय."

सगळ्यात जुना प्रवासी म्हणजे त्यांचा मुलगा मिलिंद. तो पुण्यात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करून अभ्यास करायचा. सरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. बापलेकांचं बोलणं त्या होत्या तोवर त्यांच्यामार्फत चालायचं, नंतर थांबलं. आता सर दर सोमवारी पोस्टकार्डावर एक विषय पाठवत आणि शनिवारी पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून मिलिंदचा निबंध येई. सर तो वर्गात मोठ्यानं वाचत.

'इंधन बचत' या निबंधात विज्ञानाच्या थांब्यावर मिलिंदनं लिहिलं होतं: 'आमच्या खोलीतला स्टोव्ह दहा दिवस बंद असल्याने रात्री पाव खाऊन इंधन वाचवले जाते.' सरांनी समासात 'उदाहरण ताजे' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचा स्टोव्ह पुण्याच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये चढवला आणि पुढचे दोन आठवडे शनिवार-रविवारी ते माझ्या डब्यातलं खात होते. 'वाढते नागरीकरण'मधून मिलिंदनं खोली बदलल्याचं कळलं. 'सार्वजनिक आरोग्य'मधून कावीळ कळली. त्या निबंधाला त्यांनी गुण दिले नाहीत, रजा टाकल्यासारखे तीन दिवस पुण्याला जाऊन राहिले.

वयाच्या अटीप्रमाणे त्या वर्षी मिलिंदची शेवटची परीक्षा होती. निकाल लागला. बाकीचे पेपर चांगले गेले होते, निबंधानं खाली ओढलं. सरांनी स्टँडवर पेपरात यादी पाहिली आणि नेहमीसारखे वर्गावर आले. इतिहासापासून तरुणापर्यंत नीट शिकवलं. मग हातात डस्टर घेऊन भिंतीकडे बघत उभे राहिले.

"आज हितंच उतरा," असं म्हणून त्यांनी मुलांना सोडलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझा तास वेळेवर सुरू झाला.

त्यानंतर तीन शनिवार निबंध आला नाही. सर प्रत्येक पुण्याच्या गाडीपाशी जाऊन ड्रायव्हरला विचारत आणि रिकाम्या हातानं परत येत. सोमवारची पोस्टकार्डं मात्र चालूच होती. शेवटी मी सांगितलं, की वय संपलं, परीक्षा संपली. आता विषय पाठवून त्या पोराला छळू नका. साधं पत्र लिहा.

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, "साधं पत्र दोनदा धाडलं मॅडम. उत्तर न्हाय आलं. विषय दिल्याबिगर त्यो लिहील कशावर?"

मी निघताना त्यांनी नवं कार्ड माझ्या हातात दिलं. बारामतीहून टपाल लवकर जातं, असं त्यांचं मत होतं. पोस्टाच्या पेटीपाशी आल्यावर मी ते वाचलं. पोस्टकार्ड उघडंच असतं, वाचल्याची लाज मला वाटली नाही.

'विषय: सुट्टीत गावी येण्याचे फायदे व तोटे. तोटे थोडक्यात लिहावेत. थांब्यांची अट नाही. शेवट कसाही चालेल.'