सदोबाचा कान

मुलांनो, हाताची घडी घाला आणि ऐका. एका जंगलात वाघ शाकाहारावर भाषणं द्यायचा आणि हरणं पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. यावरून ते जंगल किती सुधारलेलं होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तिथे सदोबा नावाचं साळिंदर माऊथ ऑर्गन दुरुस्त करायचं. त्याला आपल्या कानाचा भारी अभिमान. दुकानावर पाटीच होती: 'सूर तुमचा, कान आमचा.' मला विचाराल तर मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तर गोष्टी सांगतो.

एकदा शाळेच्या अस्वलबाई आपला माऊथ ऑर्गन घेऊन आल्या. त्यावरच रोज शाळेत प्रार्थना व्हायची.

"सदोबा, यातली एक पत्ती किंचित उतरलीय. बघता का जरा?"

"हातासरशी करून टाकतो, बाई."

आता, आत जी पितळी पत्ती वाजते ना, ती टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. सदोबाने टोकाशी घासली. सूर जास्तच चढला. मग बुडाशी घासली. जास्तच उतरला. पुन्हा टोक, पुन्हा बूड. शेवटी पत्ती कांद्याच्या सालीसारखी झाली आणि सूर पहिल्यापेक्षा खाली जाऊन बसला. आणखी एकदा कानस लावली असती तर तुटलीच असती.

सदोबाला घाम फुटला. 'वा रे कानवाले!' तो स्वतःला म्हणाला. 'आता दुकान बंद करा आणि मुळ्या उकरायला जा.'

पण इतकी वर्षं कमावलेलं नाव कुणाला सोडवतं? त्याने बाकीच्या सगळ्या पत्त्या बुडाशी घासल्या आणि त्या एकीच्या जोडीला खाली आणल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बाईंनी तो खालचा सूर दिला. पोरांनी खालचाच धरला. हळूहळू रानभर तोच पसरला. भाषणाआधी वाघसुद्धा त्याच सुरात खाकरू लागला. "काय गोड लावलाय!" म्हणून सदोबाला शाल मिळाली.

एकटा कोकीळ तेवढा जन्मापासून जिथे गात होता तिथेच गात राहिला. बाईंनी त्याला वर्गाबाहेर काढलं.

तो थेट दुकानात आला, कानशीसमोर बसला आणि त्याने चोच उघडली.

"सदूकाका, माझा सूर चढा लागतो म्हणतात. जरा बुडाशी घासून द्या ना. फार दुखणार नसेल तर."

सदोबाला भडभडून आलं. तो तसाच शाळेत धावला.

"बाई, कोकीळ बरोबर आहे! चुकलो मी! माझ्या हातून एक पत्ती बिघडली म्हणून मी सगळ्याच खाली ओढल्या!"

अस्वलबाईंनी काटे सांभाळून त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला.

"वय झालं हो तुमचं, सदोबा," त्या मायेने म्हणाल्या. "कान गेला. आता विश्रांती घ्या."

त्यानंतर त्याच्याकडे कुणी साधी शिट्टीसुद्धा दुरुस्तीला आणली नाही.

तात्पर्य: चूक कधी एकट्याने करू नये. सगळ्यांना सोबत घेऊन करावी, म्हणजे तिला सूर म्हणतात. आणि कबूल तर मुळीच करू नये. कबूल करणाऱ्याला कमी ऐकू येतं, असं लोकांचं मत पडतं.