साडेचारचा गिअर

हायवेवर गाडी चढवताना माझी बायको डोळे मिटून घेते, हे मी पुष्कळ वर्षं फारसं मनावर घेतलं नव्हतं. मला वाटायचं, तिला झोप येते. मागच्या ईस्टरला मात्र ती डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होती आणि मागून एक ट्रक इतका जवळ आला होता, की आरशात नुसती त्याची जाळी दिसत होती.

"एल्डन," ट्रक निघून गेल्यावर व्हर्ना म्हणाली, "ही गाडी पळत नाही, पळायचा विचार करते."

मी इंडियानातल्या एका काउंटी कचेरीत कुत्र्यांचे परवाने देतो. तिथे माझा स्वतःचा अपमान रोज होतो आणि मला त्याची सवय आहे. पण आमच्या चार दारांच्या, चॉकलेटी, वयस्कर गाडीचा अपमान मला सोसवेना. दुसऱ्याच दिवशी मी ऑर्व्हिलकडे गेलो. ऑर्व्हिल माझा शाळेपासूनचा मित्र. मोडीत निघालेल्या गाड्यांचं त्याचं मोठं आवार आहे.

"इंजिनाला हात लावू नकोस," तो म्हणाला. "मागच्या दोन चाकांच्या मधे तो भोपळा दिसतो ना, त्याच्या आतले गिअर बदल. तुझ्या गाडीत अडीचचा आहे. म्हणजे चाक एकदा फिरायला आतला दांडा अडीच वेळा फिरतो. आकडा वाढवलास की दांडा जास्त फिरतो, पण गाडी पटकन उचलते. चढावर सायकलचा हलका गिअर टाकतोस ना, तसं."

"सगळ्यात मोठा आकडा कुठला?"

"साडेचार. पण तू साडेतीनचा घे. साडेचारने हायवेवर इंजिन बोंब मारेल आणि पेट्रोल ढोसेल. तुला व्हर्नाचे केक घेऊन फिरायचं असतं बाबा, शर्यत लावायची नसते."

मी साडेचारचा घेतला. (ज्या माणसाने जन्मभर बनियनसुद्धा मधल्या मापाचे घातले, त्याला एकदा काहीतरी मोठं घ्यावंसं वाटलं, तर त्यात काय चुकलं?)

आता एक गोष्ट तुम्हाला इथेच सांगून टाकतो. मला ती नंतर रस्त्यात कळली. वेग दाखवणारा काटा चाकांकडे बघत नाही, तो त्या फिरणाऱ्या दांड्याकडे बघतो. मागचे गिअर बदलले की काट्याचं एक बारकं चाकही बदलावं लागतं, नाहीतर काटा आणि मैलांचा मीटर, दोघेही जवळजवळ दुप्पट सांगत सुटतात. ऑर्व्हिलने हे मला समजावलं होतं म्हणे. मी त्या वेळी "हो, हो" म्हणत होतो आणि सिग्नलला कोणाकोणाला मागे टाकायचं ते ठरवत होतो.

गिअर मिळून बसेपर्यंत जून उजाडला, आणि लगेचच्या शनिवारी ऑबर्नला डार्लाचं लग्न होतं. डार्ला ही व्हर्नाच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. आई गेल्यापासून तिच्या प्रत्येक वाढदिवसाचा केक व्हर्नाने केला होता, आणि लग्नाचा तीन मजली केकही तिनेच केला होता. दोन दिवस तिने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. तो केक मांडीवर घेऊन ती गाडीत बसली.

"हळू ने," ती म्हणाली.

हायवेच्या चढावर मी पाय दाबला. गाडी अशी उसळली, की व्हर्ना केकसकट सीटमध्ये रुतली. पण तिचे डोळे उघडे होते.

"अगं बाई," ती म्हणाली. "गाडी पळते की."

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कौतुकाने दोनदाच पाहिलं असेल. मी काटा पंचावन्नवर आणला, कारण तिथे तीच मर्यादा होती, आणि ऐटीत चालवू लागलो.

थोड्या वेळाने लोक आम्हाला ओलांडून जाऊ लागले. एकामागून एक, हॉर्न वाजवत, काही तर मूठ दाखवत.

"लोकांना आज झालंय काय?" मी म्हणालो. "सगळे ऐंशीच्या वर चाललेत."

"तू लक्ष देऊ नकोस. आपल्याजवळ केक आहे."

डुकरांचा एक ट्रक आमच्या शेजारून पुढे गेला. डुकरं बराच वेळ आमच्याकडे बघत होती.

डार्लाने फोनवर सांगितलं होतं, की फाट्याची पाटी झाडामागे लपलीय, तेव्हा मीटरवर तीस मैल झाले की पहिला फाटा घ्या. मीटरवर तीस झाले. मी पहिला फाटा घेतला. समोर मका, उजवीकडे मका आणि रस्त्याच्या शेवटी एक शेतकरी.

"ऑबर्न?" तो म्हणाला. "ते अजून बरंच पुढे आहे. आलात तसे परत जा."

"एल्डन, तू पाटी चुकलास," व्हर्ना म्हणाली.

"मी मीटरप्रमाणे आलो."

"मग मीटरशीच लग्न करायचं होतंस."

जूनच्या उन्हात केकचा वरचा मजला एका बाजूला कलू लागला होता. व्हर्ना तो एका बोटाने सावरत होती. हायवेवर परत येताच मी कायदा बाजूला ठेवला आणि काटा साठवर नेला. काही मैलांनंतर मागे पोलिसाचा लाल दिवा लागला.

"सर, तुम्हाला का थांबवलं, कल्पना आहे?" खिडकीशी आलेल्या पोलिसाने विचारलं.

"आहे. वेग."

"बरोबर."

"थोडा जास्त झाला, कबूल आहे. लग्नाची घाई आहे हो."

पोलिसाने गाडीत वाकून केककडे पाहिलं, व्हर्नाकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला.

"सर, तुम्ही तेहतीसने चालला होतात. मी इतका वेळ तुमच्या मागे होतो, की मला जांभया यायला लागल्या. मागचे गिअर बदललेत का?"

त्याने स्वतःच्या गाडीवर हाच उद्योग केला होता म्हणून त्याला चटकन कळलं. त्याने सगळं समजावलं, आणि या वेळी मी ऐकलं. व्हर्नाही ऐकत होती. तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती, केक हलू नये म्हणून अगदी बेताने.

"माझ्या मागून या," पोलीस म्हणाला. "आणि काट्याकडे बघू नका."

आम्ही बघितलं. काटा शंभरला टेकला, इंजिनाने ऑर्व्हिलने सांगितली होती तशी बोंब मारली, आणि खरे फक्त पंचावन्नच आहेत हे ठाऊक असूनही आम्ही दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला.

चर्चच्या दारात डार्ला पांढऱ्या झग्यात उभी होती. मावशी आल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. कललेला केक बघून ती म्हणाली, "माझ्या पहिल्या वाढदिवसाचाही असाच कलला होता म्हणे, आई सांगायची." मग दोघी मिळून रडल्या आणि मी केक धरून उभा राहिलो.

जेवणाच्या वेळी नवऱ्या मुलाची आजी काठी टेकत माझ्यापाशी आली. इर्मा तिचं नाव. नव्वदीला आलेली, हातांना कंप, जाड भिंगांचा चष्मा.

"ती चॉकलेटी गाडी तुमची का?" तिने विचारलं.

"हो. का बरं?"

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बाळा, मी साठ वर्षं गाडी चालवतेय. आजवर कोणालाही ओलांडलं नव्हतं. फार बरं वाटलं हो."

मी म्हटलं, आनंद आहे.

"एक विचारू?" ती जवळ सरकून म्हणाली. "परत कधी निघणार तुम्ही? तुम्ही जरा पुढे गेलात, की मग मी निघेन म्हणते."