कांद्याच्या वाफ्यातले पाहुणे

"मामा, उद्या सकाळी तहसीलदार मॅडम पाहणीला येतायत. खोलीत पाहुणे दिसता कामा नयेत," जावयाने बजावलं.

"अहो, पण ते आत्ताच आलेत. बॅगासुद्धा उघडल्या त्यांनी," आप्पा म्हणाले.

जावयापुढे सासऱ्याचं चालत नाही आणि वकिलापुढे अशिलाचं. आप्पांच्या नशिबी हे दोघे एकाच माणसात आले होते.

आप्पा शेतातली खोली सुट्टीच्या पाहुण्यांना भाड्याने देतात, म्हणजे शेतजमिनीवर हॉटेल चालवतात, अशी तक्रार बांधापलीकडच्या चुलतभावाने केली होती. कायदा म्हणत होता, शेतातल्या खोलीत शेतात राबणाऱ्यानेच राहायचं. हॉटेल ठरलं तर खोली पाडणार.

खोली आप्पांच्या बायकोने बांधून घेतली होती. खिडकी कुठे, मोरी कुठे, सगळं तिने गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलं, आणि भिंतींचा रंग वाळायच्या आत ती गेली. तेव्हापासून त्या खोलीत कुणी हसलं-बोललं की आप्पांना दोन घास जास्त जात.

"मग एक करा," जावई म्हणाला. "पाहुण्यांनाच शेतात उतरवा. राबताना दिसले म्हणजे झालं. तुम्ही मात्र तोंड उघडू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

पाहुणे म्हणजे बँकेतले एक साहेब आणि त्यांची बायको. आप्पांनी चाचरतच विषय काढला.

"अय्या, खरंच खुरपायला देणार?" बाई हरखल्या.

"मी इथे आराम करायला आलोय," साहेब म्हणाले.

"बँकेत दुसरं काय करता? चला हो."

सकाळी दोघं कांद्याच्या वाफ्यात बसले. बाईंचा हात झटक्यात बसला. साहेबांच्या मागे मात्र गवत तसंच उभं आणि कांद्याची रोपं आडवी.

"साहेब, तो कांदा आहे," आप्पा कळवळले.

"मग हे काय?"

"ते गवत."

"तेच जास्त तरतरीत दिसतंय हो!"

तेवढ्यात मॅडम आल्या. बरोबर जावई, आणि मागे हात बांधून चुलतभाऊ, निकाल खिशात असल्यासारखा.

"तुम्ही इथे काम करता?" मॅडमनी साहेबांना विचारलं.

"दिसत नाही का?" साहेबांनी घाम पुसला.

जावयाने आप्पांकडे बघून मान डोलावली. सगळं सुरळीत चाललं होतं.

"मजुरी किती मिळते?"

साहेब आधीच तापलेले होते. "मिळते कसली! उलट आम्हीच देतो! खोलीचं भाडं भरा आणि वर ही खुरपणी करा!"

बाईंनी कपाळाला हात लावला. आप्पा मटकन बांधावर बसले.

आता चुलतभावाने टाळ्या पिटायला हव्या होत्या. पण तो बाईंनी खुरपलेला स्वच्छ वाफा बघत होता. त्याच्या स्वतःच्या शेतात कांदा गवतात शोधावा लागे, आणि माणूस म्हणून कामाला मिळत नव्हता.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "हे लोक खुरपतात आणि वर पैसे देतात?"

"सकाळपासून," साहेब रडक्या आवाजात म्हणाले.

"दादा," चुलतभाऊ आप्पांना म्हणाला. तक्रार केल्यापासून 'दादा' त्याच्या तोंडात आलं नव्हतं. "असे अजून येतात का रे तुझ्याकडे? दोघं तरी लाव माझ्या रानात."

"ते तक्रार मागे घेतल्यावर बघू," जावई टपलेलाच होता.

"घेतली! मॅडम, तक्रार मागे!"

"तुम्ही घ्याल हो मागे," मॅडम म्हणाल्या, "पण भाडं घेतात हे मी या कानांनी ऐकलंय."

"पण राहतो कोण? राबणाराच ना?" जावई पुढे सरसावला. "त्याने मजुरी घ्यावी का द्यावी, हे कायद्यात कुठे सांगितलंय?"

मॅडम विचारात पडल्या. कायद्यात खरंच नव्हतं.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "खोली राहू दे. पण मी कधीही येऊन बघेन. इथला पाहुणा आराम करताना सापडला, तर त्याच दिवशी खोली पाडायला लावेन."

त्या गाडीकडे निघाल्या. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, खुरपं टाकलं आणि झाडाच्या सावलीत अंग लांब केलं.

गाडीचं दार उघडता उघडता मॅडमनी सहज मागे वळून पाहिलं.

आप्पा, जावई आणि चुलतभाऊ, तिघेही एका सुरात ओरडले, "साहेब, उठा!"