बोली दहा मिनिटांपासून

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी नऊ वाजता आजारी माणसांचा लिलाव होतो. हे वाक्य ऐकलं की आलेला पाहुणा चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघतो. मग माझ्या नवऱ्याकडे बघतो. नवरा शांतपणे मान डोलावतो. "होतो ना. मागच्या रविवारी एक हर्निया पन्नास मिनिटांना गेला."

लिलाव करतात ते रंगनाथअण्णा. सोसायटीतली पोरं त्यांना बोलीअण्णा म्हणतात. मागच्या विंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहतात. लासलगावच्या कांदा बाजारात त्यांनी तीस वर्षं लिलाव पुकारला. म्हणजे कांद्याच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या, अण्णा पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका मागे, आणि दर ट्रॉलीपाशी मिनिटभरात बोली संपवून पुढं सरकायचं. पुढे अण्णा निवृत्त झाले, नाशकात राहायला आले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. दूधवाल्याला ते "अर्धा लिटर" सांगतात तेव्हा समोरच्या सोसायटीतला दूधवालाही थांबतो.

दुसरी खोड बोटांची. दिसेल ती वस्तू अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबून बघायची. टोमॅटो, उशी, इस्त्रीवाल्याचं गाठोडं, काहीही. आमच्या नव्या सोफ्याला त्यांनी तीन ठिकाणी दाबलं आणि म्हणाले, "वरून बरा हे वहिनी, आत सगळी गोल्टी भरलीय." गोल्टी म्हणजे बारका, कमी भावाचा कांदा. मला राग आला होता. सोफा सहा महिन्यांत बसला.

आता लिलावाचं. अण्णा रोज सकाळी सरकारी दवाखान्यात जातात आणि पूर्वी जसे ट्रॉल्यांमधून फिरायचे तसे खाटांमधून फिरतात. ज्या खाटेखालचं स्टूल भिंतीला टेकलेलं आणि धूळ धरलेलं, त्या माणसाला भेटायला कोणी येत नाही, हे त्यांचं शास्त्र. अशा माणसांची यादी घेऊन ते रविवारी पार्किंगमध्ये उभे राहतात. पैशाचा संबंध नाही. बोली मिनिटांत लावायची. जो जास्त मिनिटं बोलेल त्यानं संध्याकाळी भेटीच्या वेळेत जाऊन त्या माणसाजवळ तेवढी मिनिटं बसायचं.

"बोला! पेठकडचा गडी हे, झाडावरनं पडलाय, हात प्लास्टरमध्ये! स्वभाव नरम, बोलतो कमी, ऐकतो लय! दहा मिनिटांपास्नं सुरू! बोला, ऊन चढतंय!"

ऊन चढतंय, हे त्यांचं पालुपद. कांदा उन्हात सुकतो म्हणून बाजारात घाई. इथं पार्किंगला स्लॅब आहे, ऊन येत नाही, पण अण्णांचं ऊन कायम चढत असतं.

आधी कोणी यायचं नाही. अण्णा चार स्कूटरी आणि एका कुत्र्यासमोर पुकारायचे आणि शेवटी सगळे पेशंट स्वतःच घ्यायचे. मग पोरं गंमत म्हणून जमायला लागली. बी विंगच्या निखिलनं एकदा "पाच मिनिटं!" अशी बोली लावली. अण्णांचा चेहरा एकदम उतरला. "पाचाची बोली न्हाई. दहाच्या खाली मी पुकारत नाय," म्हणाले आणि यादी घडी करून घरी निघून गेले. एवढं काय झालं ते कोणाला कळलं नाही. निखिल बिचारा माफी मागायला गेला तर अण्णांनी त्याचा दंड दाबून बघितला आणि म्हणाले, "जिमचा हे. आतून बरा निघंल."

अण्णांना सर्वांत जास्त चीड एका वाक्याची, 'काय फरक पडतो'. ते कानावर आलं की ते बोलणाऱ्यापाशी जाऊन विचारतात, "कोणाला? नाव सांग." माणूस गडबडतो.

आणि आमच्या घरात तेव्हा दिवसभर तेच वाक्य चालू होतं. माझी मुलगी सई. एकोणीस वर्षांची. डॉक्टर व्हायचं म्हणून दोनदा प्रवेश परीक्षा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली, आणि मग पोरगी खोलीत जाऊन बसली ती बसलीच. जेवतेस का? काय फरक पडतो. मावशीकडे सिन्नरला येतेस का? काय फरक पडतो. दुसरं काही शिकशील? कानात हेडफोन. मी शाळेत क्लार्क आहे, दिवसभर इतरांच्या मुलांचे दाखले लिहिते. संध्याकाळी घरी येऊन तिच्या दारापाशी उभी राहायचे आणि आत श्वास ऐकू येतो का बघायचे. भीती वाटायची मला. सरळ सांगते, फार भीती वाटायची.

अण्णा एकदा वाटी परत द्यायला आले, दारातून सईकडे पाहिलं. सुदैवानं दाबून बघितलं नाही. मला जिन्यापाशी बोलावून त्यांच्या परीनं हळू, म्हणजे सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल इतपत, म्हणाले, "माल चांगला हे वहिनी. पर हवा लागत नाय. साठवणीच्या चाळीत कांद्याला हवा लागली न्हाई तर वरून दिसतो बरा, आतून जातो. खिडकी उघडी ठेवा."

मी खिडकी उघडी ठेवली. आमची खिडकी नेमकी पार्किंगवर उघडते. रविवारी खाली पुकारा सुरू झाला, "मनमाडचे आजोबा! रेल्वेतनं रिटायर! मांडीचं हाड मोडलंय! बोला, ऊन चढतंय!" सई ताडकन उठली आणि खिडकीतून ओरडली, "अहो, दहा मिनिटं तरी गप्प बसा!"

"दहा मिनिटं! दुसरा मजला, दहा मिनिटं!" अण्णांनी हात वर केला. "पुढं कोणी? एक वार, दोन वार, तीन वार! दिला! मनमाड सईबाईला दिला!"

"मी बोली नाही लावली!"

"बाजारात तोंडातनं आकडा निघाला की निघाला, पोरी. चार वाजता तयार राहा."

खाली सगळी सोसायटी टाळ्या वाजवत होती. सई रागानं लाल झाली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसले, आणि मग थोडी रडलेही.

चार वाजता ती गेली. आजोबा झोपलेले. सई स्टुलावर बसून मोबाइलवर दहा मिनिटं मोजत होती. नवव्या मिनिटाला आजोबांनी डोळे उघडले. अनोळखी मुलगी घड्याळ लावून आपल्याकडे बघतेय.

"कोण गं तू?"

सई खरं तेच बोलली. "मी तुम्हाला सकाळी लिलावात घेतलंय."

मोडलेल्या मांडीचा माणूस अर्धा फूट उडू शकतो हे त्या वॉर्डानं त्या दिवशी पाहिलं. "सिस्टर! धावा! मला विकलं! किडनी काढायला आलेत!" शेजारच्या खाटेवरच्या माणसानं भीतीनं दोन्ही हातांनी आपली कूस झाकली. पलीकडच्यानं सलाईनच्या स्टँडसकट संडास गाठला. वॉचमन आला, सिस्टर आल्या, सईला कोपऱ्यात उभं केलं. तिनं घाबरून अण्णांना फोन लावला. अण्णा वॉर्डात आले आणि खुलासा करायला गेले तो त्यांच्या पद्धतीनं: "भिऊ नका! माल जागचा हलत नाय! घेणारा नुसता येऊन बसतो!" त्यानं वॉर्ड आणखीच बिथरला. शेवटी सिस्टरनंच सगळ्यांना समजावून सांगितलं. आजोबांनी सईला खालून वर न्याहाळलं. मग त्यांनी विचारलं, "कितीला गेलो मी?"

"दहा मिनिटांना."

"फक्त?"

सई त्या दिवशी दोन तासांनी घरी आली. ताटावर बसली आणि विचारल्याशिवाय सांगायला लागली, की आजोबांना रेल्वेच्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत, की मुलगा परदेशात आहे, की शेजारच्याची माफी मागितली तरी तो हात कुशीवरून काढत नव्हता. मी नुसती पोळ्या वाढत होते.

मग ती दर रविवारी खाली उतरू लागली. निखिलशी चुरशीनं बोली लावायची. वॉर्डातही बातमी पसरली. सोमवारी अण्णा दिसले की खाटांवरून विचारणा, "आम्ही कितीला गेलो?" मनमाडचे आजोबा तर एकदा रुसले होते, कारण त्यांचा भाव पंचेचाळीसवरून तिसावर आला होता. सईनं नर्सिंगचा फॉर्म आणला. मी फक्त सही कुठे करायची ते विचारलं.

आणि मग एका रविवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले, अण्णा आले नाहीत. दाराला कुलूप. बहिणीकडे जातो म्हणून शेजारी सांगून गेले होते. पोरं थोडा वेळ थांबली आणि पांगली. संध्याकाळी सई सवयीनं वॉर्डात गेली, तर शेवटच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, अण्णा. छातीत दुखत होतं म्हणून चार दिवसांपूर्वी स्वतःच रिक्षा करून आले होते. खाटेखाली स्टूल. त्यावर धूळ. चार दिवस सकाळी उठून ते दुसऱ्या खाटांपाशी जाऊन बसत होते आणि आपलं नाव यादीत घालायचं नाही म्हणून त्यांनी सिस्टरना शपथ घातली होती.

सई तिथून तडक घरी आली, पार्किंगमध्ये उभी राहिली आणि ओरडली. माझ्या पोरीला इतका मोठा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"बोला! लासलगावचा माल हे! जुना हे, आवाजाचा हे, एकटा हे! दहा मिनिटांपास्नं सुरू! ऊन चढतंय, बोला!"

दिवेलागणीची वेळ होती. खिडक्या उघडल्या. निखिल म्हणाला, एक तास. इस्त्रीवाला म्हणाला, दीड. मी आजवर एकदाही बोली लावली नव्हती, माझं सगळ्यांकडे लक्ष असतं पण गॅलरीतून. मी म्हटलं, "रोजचे दोन तास." नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही दोघी गेलो. सईनं स्टूल पुसलं आणि बसली. अण्णा तिच्याकडे न बघता बोलायला लागले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या खाटेलाही ऐकू गेला नसेल.

"माझी बायको, सुशीला, हितंच होती. याच दवाखान्यात. अकरा दिवस. हंगाम होता, बाजार सोडून निघायचो तवर भेटीची वेळ सरायची. रोज म्हणायचो, आज नाय तर उद्या, काय फरक पडतो." त्यांनी चादरीची कडा बोटांत दाबली. "शेजारच्या खाटेपाशी एक कॉलेजची पोरगी यायची, तिच्या आज्जीला बघायला. ती जाताना सुशीलाजवळ दहा मिनिटं बसायची. ओळख ना पाळख. अकराव्या दिवशी पोचलो तवा सुशीला मला म्हणली, तेवढ्या दहा मिनिटांसाठी मी दिवस काढते. मी लय हुडकली ती पोरगी. नाय घावली."

मी पिशवीतून डबा काढत होते, तो काढतच राहिले. सईनं त्यांचा हात धरला, अंगठा आणि दोन बोटांत, हलकेच दाबून पाहिला.

अण्णांनी तोंड वळवलं. "माल जुना हे म्हणून सांगितलं ना सगळ्यांना? गिऱ्हाईक फसवू नये."

"सांगितलं."

"मग... कितीला गेलो मी?"

"माहीत नाही अण्णा," सई म्हणाली. "मी अजून तीन वार म्हटलंच नाही. बोली चालूच आहे."